सिस्टरला विचारून सांगते

नर्सिंगच्या शाळेत मुली सगळ्यात आधी काय शिकतात असं कुणी विचारलं, तर मी सांगते, एक वाक्य शिकतात. खाट लावणं, नाडी मोजणं, सुई धरणं हे सगळं मागाहून. आधी हे वाक्य: ‘सिस्टरला विचारून सांगते.’ नातेवाईक विचारतो, सलाईन संपत आलंय, बंद करू का? सिस्टरला विचारून सांगते. बाळंतीण विचारते, चहा पिऊ का? सिस्टरला विचारून सांगते. एकीला तर एका म्हाताऱ्यानं संडास कुठं आहे असं विचारलं, तरी तिच्या तोंडून हेच आलं. आम्ही सगळ्या पोट धरून हसलो होतो.

हसलो खरं, पण ते वाक्य चुकीचं नाही. शिकाऊ मुलीनं आपल्या मनानं काही करायचं नसतं, विचारायचं असतं. जी विचारत नाही ती एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव घेते. म्हणून आम्हीच ते वाक्य वर्षानुवर्षं त्यांच्या अंगात भिनवतो. मग निकाल लागतो, नोंदणी होते, ऑर्डर हातात पडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात पाय ठेवला की लोक तिलाच सिस्टर म्हणतात. काल विचारायचं, आज उत्तर द्यायचं. मधे काहीच नाही. नव्या नवरीबरोबर निदान चार दिवस पाठराखीण तरी धाडतात. हिच्याबरोबर कुणी नसतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मी बाळंतिणींच्या वॉर्डाची इन्चार्ज आहे. शिक्षणाच्या शेवटच्या काही महिन्यांत मुली पूर्ण वेळ माझ्याकडे असतात. एकेका बॅचमध्ये एकाच नावाच्या तीन-तीन असतात आणि माझं डोकं आता तेवढं चालत नाही, म्हणून मी त्यांना गावाच्या नावानं हाक मारते. ‘ए अमडापूर, ट्रे आण.’ ‘सुलतानपूर, आधी नखं काप.’ त्यांना राग येत नाही. घराण्यातली पहिलीच नर्स होणार असते बिचारी, गावाचं नाव मिरवायला तिला बरंच वाटतं. मला त्या बाई म्हणतात. पाठीमागं आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

साखरखेर्डा त्यातलीच एक. वडील बाजारात हमाली करायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. बौद्धवाड्यातलं घर, तीन बहिणींत ही थोरली. वडील तिला सोडायला आले तेव्हा वॉर्डाच्या दाराशी चपला काढून उभे राहिले आणि मला म्हणाले, “बाई, पोरगी लय सिधी हाये. कवा उलटून बोलली नाई आमाले. आता तुमीच पाहा तिच्याकडं.”

मी म्हटलं, “उलटून बोलत नाही तीच तर अडचण आहे.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. ते हसले. मी चेष्टा करत नव्हते. आईबाप ज्या मुलीचं आज्ञाधारक म्हणून कौतुक करतात, ती माझ्या वाट्याला आली की मला धडकी भरते.

हात मात्र तिचे असे होते की मी बघत राहायची. सुजलेल्या हातावर शीर सापडत नाही म्हणून सगळ्या हात टेकायच्या, तिथं ती दोन बोटं फिरवायची आणि सुई आत. नाडी, रक्तदाब, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल हे सांगणं, काहीच चुकायचं नाही. पण सगळं सांगून झालं की शेवटी मान खाली घालून विचारायची, “बरोबर ना, बाई?” आणि माझं ‘हो’ येईपर्यंत पुढचं पाऊल टाकायची नाही.

हे मोडायला मी एक उपाय काढला होता. सोमवारी सकाळी मी स्वतःच्या तोंडाला चिकटपट्टी लावायची. खरीखुरी, सलाईनची सुई धरून ठेवायला लावतो ती. मग टेबलाशी खुर्चीत बसायचं आणि त्या दिवशी वॉर्ड शेवटच्या वर्षाच्या मुलींनी चालवायचा. मला काही विचारायचं नाही. कुणाच्या जिवावर बेतलं तर मी उठेन, नाहीतर नाही. पहिल्यांदा पट्टी लावली तेव्हा बाळंतिणींच्या सासवा तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, “आमच्या घरीबी लावा एक, म्या पैसे देतो.” डॉक्टर राउंडला आले, माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या खाटेकडे गेले. मला इतकी वर्षं ओळखतात, त्यामुळं विचारायची हिंमत झाली नसावी.

अमडापूर आणि सुलतानपूर दोघी त्यात तरबेज झाल्या. चुकल्या, रडल्या, एकमेकींवर खेकसल्या, पण वॉर्ड चालवला. साखरखेर्डाही उत्तम चालवायची, आणि ते का हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ती खाटेकडे बघून काम करत नव्हती, माझ्याकडे बघून करत होती. माझी भुवई हलली की हात थांबायचा. मी खुर्चीत जरा सरकले की ती परत जाऊन बाळंतिणीचं पांघरूण उचलायची. तोंडाला पट्टी लावून काय उपयोग, सगळा चेहरा बोलत होता.

पुढच्या सोमवारी मी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि वॉर्डाकडे पाठ करून बसले. त्या सकाळी तिचा चेहरा उतरलेला होता असं सुलतानपूरनं मला नंतर सांगितलं. पण तिनं निभावलं. एक बाळ दूध ओढत नव्हतं, ओठ निळसर दिसत होते. तिनं एकटीनं ते उचललं, तोंड साफ केलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावून आणलं, आईला समजावलं. मला पाठीमागून सगळं ऐकू येत होतं आणि पट्टीच्या आत मी हसत होते. बाळ रडलं. मग पावलं वाजली, ती वळसा घालून माझ्या आणि भिंतीच्या मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बरोबर केलं ना, बाई?”

मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढं ती पास झाली. अमडापूर संभाजीनगरला खाजगी दवाखान्यात लागली, सुलतानपूर कुठल्याशा परीक्षेची तयारी करायला घरी गेली. साखरखेर्डाची निवड कंत्राटावर झाली आणि नेमणूक आमच्याच वॉर्डात. मला आनंद झाला, तोही स्वार्थाचा. आमच्याकडं जागा कितीतरी दिवस रिकाम्या होत्या. हात चांगले, स्वभाव ओळखीचा, शिवाय सुरुवातीला मी शेजारी असणार. वडील पेढे घेऊन आले. ह्या वेळी चपला काढल्या नाहीत.

शेजारी मी होतेही. फक्त एका दिवशी नव्हते. त्या दिवशी मला बुलढाण्याला मीटिंगला बोलावलं होतं. उंटावरून शेळ्या हाकायला माणसं गोळा करतात तसली मीटिंग. विषय रिक्त पदांचा. रिकाम्या जागांवर बोलायला ज्या इन्चार्जला नेलं, तिच्या वॉर्डात मागं एकच सिस्टर उरली होती, तीही महिन्याभरापूर्वी लागलेली, आणि हाताशी दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली. हे सांगताना आजही माझं डोकं तापतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. साखरखेर्डानंच मला सांगितलं, आणि थोडं त्या दोघींतल्या एका मुलीनं.

सकाळी एक बाई बाळंत झाली होती. तिसरं बाळंतपण. सगळं सुरळीत. वार पूर्ण पडली, पोट घट्ट, रक्तस्राव बेताचा. तिला वॉर्डात खाटेवर आणलं. सासू जवळ. आपल्याकडं बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत, कान बांधतात, ऊब देतात. सासूनंही सुनेचे कान बांधले, अंगावर घरची जाड गोधडी घातली. सिस्टर मधे-मधे येऊन बघून गेली. मग लेबर रूममध्ये दुसरी बाई अडली होती, तिच्यापाशी तिचा वेळ गेला. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये सिझेरियनला उभे होते.

दुपार झाली. सुनेला थंडी वाजते म्हणून सासूनं गोधडीवर आणखी एक गोधडी घातली होती. सिस्टर लेबर रूममधून बाहेर आली तेव्हा सासूनं तिला बोलावलं. “पोरी, हिचे हात थंडे पडून राह्यले. बोलतबी नाई नीट.”

तिनं हात धरला. गार, ओला. नाडी पाहिली.

“मला कळलं होतं, बाई,” असं तिनं मला सांगितलं. “भरभर चालत होती, अन् बोटाखाली लागत नव्हती. काय झालंय, काय करायचं, सगळं कळलं होतं मला. अन् तोंडातून काय निघालं? सिस्टरला विचारून सांगते.”

आणि ती निघाली. गोधडी न उचलता. वॉर्डाच्या ह्या टोकापासून टेबलापर्यंत चालत आली. टेबलाशी माझी खुर्ची रिकामी. ती खुर्चीपाशी उभी राहिली. तिला विचारलं, किती वेळ? ती म्हणते, गेले आणि आले. ती दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणते, जरा वेळ उभ्या होत्या, मला वाटलं काही आठवतायत. मग ती मुलगीच जवळ गेली आणि म्हणाली, “सिस्टर, काय आणू?”

तेव्हा ती धावली.

गोधडी उचलली तर अंगाखालची कापडाची घडी रक्तानं भरली होती. बाहेर एक थेंब नाही. त्यानंतर तिनं जे केलं त्यात मला बोट ठेवायला जागा सापडत नाही. पोट चोळायला घेतलं, एका मुलीला इंजेक्शन सांगितलं, दुसरीला डॉक्टरांकडे पळवलं, दोन्ही हातांना सलाईन लावलं. बुडत्या शिरा, पण सुया एकाच दमात गेल्या. डॉक्टर पोटाला टाके घालून होताच तसेच धावत आले. आमच्याकडं त्या गटाचं रक्त नव्हतं. बुलढाण्याला न्यायला १०८ची गाडी आली. साखरखेर्डा सोबत गेली, एक हात आत, एक हात पोटावर, मधे गर्भाशय दाबून धरलेलं, गाडी खड्ड्यांतून उडत होती तरी हात काढला नाही. बुलढाणा यायच्या आधीच बाई गेली.

मी मीटिंगमधून बाहेर पडले तेव्हा फोन आला. जिल्हा रुग्णालयाच्या आवारात गेले तर ती गाडीच्या पायरीवर बसली होती. कोपरापर्यंत हात वाळलेल्या रक्तानं काळपट झालेले. मी तिला नळाशी नेलं आणि हात धुऊन दिले. तेव्हा तिनं मला ते टेबलापर्यंत जाणं सांगितलं. मी काही विचारलंही नव्हतं.

परतल्यावर तिनं डॉक्टरांनाही ते सांगितलं. ते म्हणाले, रक्त असतं तर वाचली असती, तुझ्या एका फेरीनं काही झालेलं नाही. ते खरं असेल. खोटंही असेल. ती माझ्याकडं बघत राहिली, नेहमीसारखी, मी ‘हो’ म्हणावं म्हणून. माझ्या तोंडातून ‘हो’ निघेना. मला माहीत नव्हतं. कुणालाच कधी माहीत होणार नाही, आणि सिस्टर होणं म्हणजे बहुतेक हेच, की एक न सुटलेला प्रश्न घेऊन रोज कामावर यायचं. हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही. घरी जा, जेव, एवढंच म्हटलं.

चार दिवस ती आली नाही. वडिलांचा फोन आला. “बाई, पोरगी जेवून नाई राह्यली. म्हनते, राजीनामा देतो. तिच्यानं काई चुकलं का?”

“तिला फोन द्या,” मी म्हटलं.

तिनं फोन घेतला आणि रडायला लागली. माझा पारा चढला. रडणाऱ्या माणसाला कसं बोलावं हे मला कधी जमलेलं नाही. म्हटलं, “हे बघ, तू घरी बसलीस तर तुझ्या जागी कुणी येणार नाहीये. उद्या त्या खाटेवर दुसरी बाई असेल आणि तिच्यापाशी दुसऱ्या वर्षाची पोरगी असेल. पटत असेल तर ये, नसेल तर तसं लिहून दे, मला ड्युटी लावायची आहे.” फोन ठेवला आणि मग मीच स्टोअरच्या खोलीत जाऊन रडले. आपल्या लेकीला कुणी असं बोललं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती आली.

वरून चौकशी झाली. तिनं नाडी पाहिल्यापासून गाडीत बसेपर्यंत काय काय केलं ते विचारलं, रक्त का नव्हतं ते विचारलं, गाडी किती वेळात आली ते विचारलं. टेबलापर्यंतची ती फेरी कुणी विचारली नाही, कारण समितीतल्या कुणाला ती माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं सांगायला तोंड उघडलं होतं, तोवर समितीतले एक साहेब पुढच्या प्रश्नावर गेले. नंतर जिन्यात ती मला म्हणाली, “बाई, मी सांगणार होते.” मी म्हटलं, मी पाहिलं.

त्यानंतर ती बदलली. ते वाक्य तिच्या तोंडून मी परत ऐकलं नाही. ‘बरोबर ना, बाई’ हेही बंद झालं. प्रत्येक बाळंतिणीची गोधडी ती सारखी उचलून बघायची, इतकी की सासवा माझ्याकडं तक्रार घेऊन यायच्या, पोरीले वारं लागन, तुमची सिस्टर काऊन उघडं करते घडीघडी? मी त्यांना हाकलून द्यायची. हसणं मात्र तिचं गेलं. हात पूर्वीसारखेच, नजर दगडासारखी. मला हवी होती तशी सिस्टर मला मिळाली होती, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

लसीकरणाच्या दिवशी खाली गर्दी असते, तेव्हा आमच्या वॉर्डातल्या एक-दोघी मदतीला जातात. त्या दिवशी आम्ही दोघी गेलो. ती डोस देत होती, मी बाजूच्या टेबलावर होते. रांगेत आयाच आया, आणि त्यांच्यात एक म्हातारी, हातात दीड महिन्याचं पोर. मी ओळखलं नाही. साखरखेर्डानं ओळखलं असावं, कारण तिचा हात थांबला.

म्हातारीनं पोर टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडं नीट पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, तेच वाईट.

“तू तीच ना वं माय? गाडीत संगं गेली होती तू. लय धडपड केली तुनं, माहा पोरगा सांगत होता.” मग म्हणाली, “मले एक इचाराचं होतं. त्या दिशी तू म्हनली, सिस्टरले इचारून सांगतो. मंग काय म्हनली सिस्टर?”

मी उठले. काहीतरी बोलून ते तिथंच थांबवावं असं मला वाटलं, आणि मला ते सहज जमलं असतं. पण तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

“सिस्टर मीच होते, आजी,” ती म्हणाली. “दुसरं कोणी नव्हतं. मी गेले अन् परत आले. तेवढा वेळ गेला.”

म्हातारीला कळायला वेळ लागला. मागच्या आया पुढं ढकलत होत्या, पोरं रडत होती.

“तुह्या वर कोनीच नव्हतं?”

“नव्हतं.”

“मले वाटलं, असन कोनी.” म्हातारीनं टेबलावरचं पोर दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. माझ्याकडं वळून म्हणाली, “याले तुमी टोचा, बाई. तिच्या हातानं नको.”

साखरखेर्डा हो म्हणाली. सिरिंज भरून तिनं माझ्या हातात दिली, कापूस दिला आणि बाजूला सरली. मी डोस दिला. पोर किंचाळलं, म्हातारी त्याला थोपटत राहिली.

डोस झाला की प्रत्येकीला समजावून सांगायचं असतं, ताप येईल, औषध कसं द्यायचं. मी मात्र सिरिंज टाकायला डब्याकडं वळले. तेव्हा ती पुढं आली, म्हातारीपासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली आणि सगळ्या आयांना सांगते त्याच आवाजात म्हणाली, “आज ताप येईल, आजी. घाबरू नका, हे औषध पाजा. पण अंग गार लागलं, किंवा लेकरू दूध प्यायचं थांबलं, तर लगेच घेऊन या. कोणाला विचारत बसू नका.”

म्हातारीनं औषध घेतलं, पदर लेकरावर ओढला आणि गेली. साखरखेर्डानं पुढच्या बाईला हाक मारली.